गोल होऊ न देणारी

पाऊस ओसरायला लागला की माझी चिडचिड सुरू होते. घरात आता सगळ्यांना त्याची सवय झाली आहे. अम्मी म्हणते, हवाच तशी असते, धड पाऊस नाही, धड ऊन नाही, पित्त खवळतं. मी हो म्हणते. पित्ताचं बरं असतं, त्याला निदान गोळी असते.

खरं कारण माझ्या कामाच्या वाटेवर आहे. बारामतीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने घेते. सकाळी स्कूटीवरून जाताना एका शाळेचं ग्राउंड लागतं. भाद्रपद संपत आला की तिथलं गवत कापलं जातं, चिखलाच्या जागी मुरूम पडतो, आणि एखाद्या सकाळी फक्कीच्या पांढऱ्या रेघा दिसायला लागतात. शालेय स्पर्धा आल्या. कापलेल्या ओल्या गवताचा वास हेल्मेटच्या काचेतूनही आत येतो आणि मी उगाचच हॉर्न वाजवते. समोर कुणीही नसतं.

परवा एक बाई शुगर तपासायला आल्या होत्या. बाही वर करता करता माझ्याकडं निरखून बघत म्हणाल्या, "तू तांबोळींची न्हवं का? पानवाल्या तांबोळींची? ती गोलवाली?"

"हो."

"लई गोल मारायचीस म्हनं. पेपरात फोटू आल्ता तुजा. आता न्हाय का खेळत?"

"मूठ आवळा," मी म्हणाले. सुई नेहमीपेक्षा जरा पटकन टोचली गेली असावी, कारण त्या "आई गं" म्हणाल्या.

गोलवाली. मंडईत, रिक्षास्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, मला या गावात ओळख आहे ती एवढीच. ती खोटी नाही. दहावीच्या वर्षी मी गोल मारले होते. पण मी गोल मारणारी नव्हतेच. मी गोल होऊ न देणारी होते, आणि त्या कामात माझ्याइतकी चांगली मुलगी बारामती-इंदापूर भागात तेव्हा दुसरी नव्हती. हे मी आज सरळ सांगते. शाळेत असताना सांगायची सोय नव्हती, मुलीनं स्वतःविषयी असं बोलू नये म्हणतात. आता मी कुणाला विचारून बोलत नाही.

आमच्या शाळेत मुलींची फुटबॉलची टीम निघाली ती जगताप सरांमुळं, आणि गंमत म्हणजे सरांना फुटबॉल येत नव्हता. सर कबड्डीचे. तरुणपणी गावोगावच्या मैदानांत खेळलेले, डावा खांदा कायमचा थोडा उतरलेला, कान चपटे झालेले. कबड्डीला मुली मिळेनात, घरचे म्हणायचे हातपाय मोडतील. फुटबॉलला हो म्हणाले, का तर त्यात कुणी कुणाला धरत नाही. सर हसले असतील मनात. त्यांनी आम्हाला कबड्डीच शिकवली, फक्त मध्ये एक बॉल टाकून.

मला त्यांनी आठवीतच मागं उभं केलं, मधोमध. म्हणाले, "तू कव्हर, चढाईवाल्याला अडवनारी. समोरून येनारी पोरगी म्हंजे चढाईला आलीय असं समज. तिच्या पायाकडं बघायचं न्हाय, बॉलकडं तर अजाबात न्हाय. कमरंकडं बघ. पाय हजार खोटं सांगतील, कंबर जिकडं वळंल तिकडंच तिला जायचं असतंय."

शाळा सुटल्यावर काळ्या मातीच्या त्या ग्राउंडवर मी कंबरा बघत उभी राहायचे. पाऊस झालेला असला की बुटाला इतकी माती चिकटायची की पाय उचलताना दुसऱ्याच कुणाचा वाटायचा. पश्चिमेकडं आभाळ तांबडं झालेलं, रस्त्यावरून साखर कारखान्याकडून परतणाऱ्या रिकाम्या ट्रॅक्टरची गाणी, आणि समोरून पळत येणारी एक मुलगी. ती येते, डावीकडं जाण्याचं नाटक करते, आणि तिची कंबर मला अगोदरच सांगून टाकते की ती उजवीकडं जाणार. मी फक्त तिथं जाऊन उभी राहते. बॉल तिच्या पायातून माझ्या पायाशी येतो. आवाजसुद्धा होत नाही.

त्यात काय आनंद होता, हे मला आजही नीट सांगता येत नाही. गोल झाला की मैदानभर ओरडा होतो, मुली एकमेकींच्या अंगावर पडतात. माझ्या कामानंतर काहीच व्हायचं नाही. जे होणार होतं, ते झालं नाही, एवढंच. आणि न झालेल्या गोष्टीसाठी टाळ्या कोण वाजवणार?

पिंपळीहून सायकलवर येणारी कोमल आमची गोलकीपर होती. तिला मात्र कळायचं. मॅच संपली की तिचे हातमोजे कोरडे, स्वच्छ असायचे. ते ती माझ्या नाकासमोर धरायची आणि म्हणायची, "बग, आजबी धुवायची गरज न्हाय." त्या दोन वर्षांत माझं झालेलं कौतुक म्हणजे ते मोजे.

नववीत असताना जिल्ह्याच्या फेरीत आमची गाठ इंदापूरच्या टीमशी पडली. त्यांच्याकडं प्रणाली होती. उंच, सडपातळ, वेणी पाठीवर बांधून टाकलेली, आणि पळायला लागली की मागच्या मुली उभ्या राहिल्यासारख्या दिसायच्या. तिचं नाव आमच्यापर्यंत अगोदरच पोचलं होतं. सर म्हणाले, "आस्मा, बाकी मॅच इसर. तुला आज एकच पोरगी हाय."

मी तिला एकही गोल करू दिला नाही. ती डावीकडून आली, उजवीकडून आली, मधून आली. शेवटी शेवटी ती बॉल मिळाला की अगोदर माझ्याकडं बघायची, मी कुठं आहे ते. मॅच बरोबरीत सुटली आणि पेनल्टीवर आम्ही हरलो. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "त्यांची वाघीण तू दावणीला बांधून ठेवलीस," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या संघाची निवड झाली. प्रणाली होती. आमच्या टीममधली पुढं खेळणारी एक मुलगी होती, जिला त्या मॅचमध्ये बॉल जेमतेम लागला होता. मी नव्हते. पेपरात दोन ओळी आल्या: इंदापूरच्या प्रणालीच्या वेगवान खेळानं प्रेक्षकांची मनं जिंकली. मनं जिंकली असतील. पण तिला गोल का करता आला नाही, हे त्या पेपरवाल्याला विचारावंसंही वाटलं नव्हतं. त्या दोन ओळी वाचताना मला जे वाटलं त्याला दुःख म्हणत नाहीत. अंगाला खाज सुटावी आणि हात पोचू नये, तसलं काहीतरी होतं ते.

मग दहावीचं वर्ष उजाडलं. मी ज्या मोसमाविषयी बोलते आहे तो हा. त्या वर्षी पाऊस लांबला होता, गणपती गेले तरी ग्राउंडवर तळी साचलेली होती. बाकीच्या मुली क्लासला जायच्या. मी सरांना गाठलं आणि सांगितलं, "सर, मला पुढं खेळायचंय."

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "तू पुढं गेलीस तर मागं कोन?"

"मागं कोण आहे, ते कुणी बघतंय का, सर?"

सरांचं एक चांगलं होतं, ते खोटा धीर द्यायचे नाहीत. "बघत न्हाय," ते म्हणाले. "खरं हाय तुजं. दहावीचं वर्ष हाय, परत काय मिळायचं न्हाय. जा पुढं."

कोमल मात्र चिडली. पुढच्याच सरावात तिला एकामागून एक गोल झाले. चिखलानं भरलेले मोजे तिनं माझ्या समोर जमिनीवर आपटले. "तू गेलीस पुढं, आन माजं दार सताड उघडं पडलं. तुला फोटू पायजे न्हवं? मग बोंबलू दे आमाला!"

"तुझ्या जागेवर तू दिसतेस तरी," मी म्हणाले. "मी दिसत पण नाही."

आम्ही दोघी बरोबर होतो, आणि दोघीही एकमेकींशी आठवडाभर बोललो नाही.

तालुक्याच्या स्पर्धा सुरू झाल्या, आणि मी गोल मारायला लागले. किती सोपं होतं ते! दुसऱ्या मुलींच्या कंबरा मला वाचता येत होत्याच, आता फक्त त्यांच्या उलट दिशेला जायचं. वडगाव निंबाळकरच्या शाळेविरुद्ध तर एक गोल माझ्या गुडघ्याला लागून गेला. मी बॉल अडवायला म्हणून गुडघा पुढं केला होता, जुनी सवय. बॉल उडाला, त्यांच्या गोलकीपरच्या डोक्यावरून आत गेला, आणि ग्राउंडवर असा काही ओरडा झाला की मला आधी वाटलं, कुणाला तरी लागलं. पोरी धावत आल्या. कुणीतरी मला उचललं. त्या उंचीवरून मला पहिल्यांदा कळलं की लोक बघायला येतात ते याच्यासाठी. माझ्या गुडघ्यावरच्या अपघातासाठी.

त्यानंतर सगळं भराभर झालं. शाळेच्या प्रार्थनेला मला पुढं बोलावून टाळ्या वाजवल्या. ज्या मॅडमना माझं नाव दोन वर्षांत आलं नव्हतं, त्या मला "आमची आस्मा" म्हणायला लागल्या. तालुक्याची सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून मला चषक मिळाला. त्याच्या टोकावर बॅट घेतलेला क्रिकेटवाला होता, कारण फुटबॉलचे चषक संपले होते. पेपरात फोटो आला आणि खाली छापलं होतं, 'बारामतीची गोलमशीन'. अब्बांनी तो कागद काचेत बसवून मंडईतल्या पानांच्या गाळ्यात लावला. अब्बांचा धंदा विड्याच्या पानांचा. गिऱ्हाइकाला पानं मोजून देता देता ते हनुवटीनं भिंतीकडं खूण करायचे. "आमची धाकली."

"आरं वा. मग धाविला मार्क मिळत्याल की खेळाचं," गिऱ्हाईक म्हणायचं.

"मिळत्याल ना," अब्बा खुशीत म्हणायचे.

मार्क. जो भेटेल तो मार्कांचं विचारायचा. खेळाडूंना दहावीला जादा मार्क मिळतात, हे सगळ्या बारामतीला माहीत होतं, आणि मी एवढं ऊर फुटेपर्यंत पळते ते त्याच्यासाठीच, याविषयी कुणाच्याच मनात शंका नव्हती. शेजारच्या काकू आपल्या मुलीला म्हणाल्या, "तूबी जात जा की तिच्यासंगं पळायला, गनितात कामाला येतंय." मी घरात येऊन दप्तर फेकलं. अम्मीनं विचारलं, काय झालं? मी म्हणाले, काही नाही. काय सांगणार? माझं कौतुक होतंय आणि मला ते सहन होत नाही, हे ऐकून कुणी मला शहाणी म्हटलं नसतं.

जिल्हा संघाची निवड चाचणी त्या वर्षी इंदापूरला होती. इथून निवडलेल्या मुली पुढं राज्याच्या शिबिराला जाणार होत्या, आणि त्यातल्या काहींना खेळाच्या निवासी शाळेत जागा मिळणार होती. मला ती जागा हवी होती. सकाळी उठावं आणि दिवसभर खेळावं, मध्ये पानांचा गाळा नाही, क्लास नाही, मार्क नाहीत, एवढंच चित्र माझ्या डोक्यात होतं. ते इतकं स्वच्छ होतं की अजूनही पुसलं जात नाही.

इंदापूरचं ग्राउंड आमच्यापेक्षा कडक, मुरमाड. उजनीच्या बाजूनं वारा येत होता. निवड करणारे तिघे जण खुर्च्यांवर बसले होते, पलीकडं पाहुण्यांसाठी मांडव घातला होता. सरावाच्या मॅचेस सुरू झाल्या. मी फॉरवर्ड म्हणून उतरले, आणि थोड्याच वेळात माझं मलाच कळलं. तालुक्याच्या मुलींसमोर चालून गेलं ते इथं चालत नव्हतं. इथल्या फॉरवर्ड लहानपणापासून पुढं खेळत आलेल्या. त्यांना बॉल पायाला बांधल्यासारखा होता. माझ्या पायातून तो निसटायचा. मला अडवता यायचं. नाचवता येत नव्हतं. खुर्चीवरच्या एकानं माझ्याकडं बघून मान हलवली आणि कागदावर रेघ मारली. इतक्या लांबूनही ती रेघ मला दिसली.

मग त्यांच्यातलेच एक जाडसर चष्म्याचे सर उठून ओरडले, "अरे, डिफेन्सला कुणी खमकी मुलगी आहे का? नुसत्या फॉरवर्डच आल्यात सगळ्या!"

मी हात वर केला. इतक्या जोरात की खांदा दुखला.

त्यांनी कागद बघितला. "तू तर फॉरवर्ड आहेस."

"नाही सर. मी डिफेन्सच खेळते. दोन वर्षं तेच खेळले."

"मग फॉरवर्ड म्हणून कशाला आलीस?"

या प्रश्नाचं उत्तर मला आज देता येतं, पण विचारायला कुणी नाही. ते म्हणाले, "बरं, हो उभी मागं. बघू."

मी मागं जाऊन उभी राहिले. समोरच्या टीममध्ये प्रणाली होती. तिनं मला बघितलं आणि तोंडच वाकडं केलं. "आलीस का परत?" ती म्हणाली. मला इतकं बरं वाटलं! कितीतरी दिवसांनी मला ओळखणारं कुणीतरी भेटलं होतं.

आणि त्याच वेळी गेटमधून गाड्या आत आल्या. पाहुणे आले होते. कुठले पाहुणे, ते मला आजही ठाऊक नाही. मांडवात माईक खरखरला. तिघेही निवडकर्ते खुर्च्या सोडून लगबगीनं मांडवाकडं गेले. जाताना चष्म्याचे सर शिट्टीवाल्याला म्हणाले, "चालू ठेव रे, आलोच."

मग मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ खेळले. मांडवात शाली पडत होत्या, नारळ दिले जात होते, माईकवरून "यांचं स्वागत करतील" ऐकू येत होतं, आणि इकडं प्रणाली पुनःपुन्हा येत होती. एका वर्षात ती आणखी वेगवान झाली होती. ती नवीन वळणं शिकली होती. मी तिच्या कमरेवरची नजर हलवली नाही. एकदा ती मला चकवून अर्धं पाऊल पुढं गेली, आणि मी घसरत जाऊन तिच्या पायाला न शिवता बॉल काढून घेतला. मुरमानं माझी मांडी सोलली. मला ते नंतर कळलं. ती थांबली, कमरेवर हात ठेवून धापा टाकत माझ्याकडं बघत राहिली. मग परत आली. मी परत तिथं.

मांडवात टाळ्या वाजल्या. त्या आमच्यासाठी नव्हत्या.

शिट्टी झाली. निवडकर्ते हातात नारळ घेऊन परत आले. प्रणाली सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. घामानं निथळत होती, आवाज चढलेला होता.

"सर, हिला घ्या."

"कुणाला?"

"ही, बारामतीची. मागच्या वर्षीबी हिनं मला हलू दिलं न्हाय आन आजबी. मला विचारा ना, मी खेळलीय तिच्यासमोर!"

चष्म्याचे सर गोड हसले. त्यांचा काही राग येण्यासारखा चेहरा नव्हता, हेच मला जास्त खुपतं. "अगं बाळा, नावं तर मघाशीच दिली आम्ही. पाहुण्यांच्या हातून जाहीर करायची होती ना." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "फॉरवर्ड म्हणून पुढच्या वर्षी आणखी तयारी कर हं."

पुढचं वर्ष आलं नाही. दहावीनंतर मी सायन्स घेतलं, मग लॅबचा कोर्स. जादा मार्क मिळाले. ते कुठं खर्च झाले आठवत नाही. प्रणाली राज्याकडून खेळली, नंतर तिचा गुडघा गेला, आता ती पोलिसात आहे. मध्ये एकदा हॉस्पिटलमध्ये भेटली होती, कुणाला तरी घेऊन आली होती. तिनं बरोबरच्या शिपायाला माझी ओळख करून दिली, "ही फार भारी डिफेन्स खेळायची." तो म्हणाला, "हो का? मी तर ऐकलं होतं गोल मारायच्या." आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो, पण माझं हसू लगेच संपलं. मला नाही जमत अजून.

लोक म्हणतात, एवढं काय, शाळेतलंच तर होतं. असेल. पण मला जे येत होतं ते बघणारा एकही माणूस त्या जागी त्या वेळी नव्हता, आणि जे येत नव्हतं त्याची चौकट भिंतीवर लागली. याची चीड मी विसरावी, असं मला कुणी पटवून दिलेलं नाही.

चाचणीच्या दिवशी मला न्यायला अब्बा टेंपो घेऊन आले होते. ते निमगावला पानं आणायला गेले होते, तिथून पुढं इंदापूरला आले. ओल्या गोणपाटाखाली पानांच्या करंड्या होत्या, केबिनमध्ये त्यांचा हिरवा, तिखट वास कोंडला होता. दोन्ही बाजूंना ऊस. मांडी चुरचुरत होती.

निमगाव गेल्यावर अब्बा म्हणाले, "मी आलो तवा खेळ चालूच हुता. कुंपनापाशी हुबा व्हतो. ती उंच पोरगी कोन गं?"

"प्रणाली."

"बिचारी कितींदा पळत आली. तू दरवेळी मधी जाऊन हुबी. जरा जाऊ द्यायचं की तिला. रडकुंडीला आल्ती पोरगी."

"तेच काम असतं माझं, अब्बा!" मी ओरडलेच.

"तुजं काम गोल मारायचं न्हवं? पेपरात तर तसंच हाय."

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. कालव्याचा पूल गेला. अब्बांनी गियर बदलला. मग स्वतःशीच बोलावं तसं हळू म्हणाले, "पर एकदाबी गेली न्हाय बग ती."

मी जंक्शन गाव येईपर्यंत रडले. अब्बांनी एका हातानं गमछा काढून माझ्या मांडीवर टाकला. त्यांना वाटलं, निवड झाली नाही म्हणून.